जेवू घालणाऱ्यांना मनाई

डुबेक, २० ऑक्टोबर

प्रिय लोरेन मावशी,

आधी बातमी, मग ख्यालीखुशाली. तुझी भाची खोक्यावर छापली जाणार आहे! हसू नकोस. हर्ब झेलेनीच्या बेकरीचं ते गुलाबी खोकं आहे ना, त्याच्या झाकणावर मी, कुस्तीच्या पोशाखात, दोन्ही हातांवर कोलाचीच्या गोड पावांचा ट्रे तोलून उभी. हर्ब स्वतः कॉलेजात आला होता, अंगावर पीठ तसंच. म्हणाला, "पोरी, गेल्या वर्षी त्या कॅन्ससवालीला तू जशी उचललीस, ते बघून माझ्या बायकोच्या हातून ट्रे सुटला. तुला खोक्यावर घेतल्याशिवाय मी मरायचा नाही."

आई म्हणते, एवढं काय नाचायचं त्यात. मावशी, तुला म्हणून सांगते काय ते. हर्ब महिन्याला जे देणार आहे, तेवढ्यात माझं धान्याच्या कोठारावरचं पहाटेचं काम सुटतं. मुलींच्या कुस्तीला कॉलेज अर्धीच फी माफ करतं, उरलेली मी मक्याची धूळ खाऊन भरते. विभागीय अंतिम फेरीत मी दोनदा हरले आणि दोन्ही वेळा शेवटच्या मिनिटात, दम संपून. लोक म्हणतात, नशीब. नशीब कसलं डोंबलाचं! माझा दम पहाटे कोठारावर सांडून येतो. हे शेवटचं वर्ष आहे. यंदा मला झोप काढून मॅटवर उतरायचंय, बस्स.

आणि हो, खेळाडूंच्या जाहिरातींचा तुझा कायदा पास झाला म्हणून अभिनंदन. आमच्या कोच डार्लानी वर्गात वाचून दाखवला. "हा टेसाच्या सिनेटर मावशीनं लिहिलाय," असं म्हणाल्या तेव्हा मी उगाच केस सारखे केले.

तुझी,
टेसा


लिंकन, २८ ऑक्टोबर

लाडके टेसा,

तुझं पत्र न्याहारीच्या वेळी फोडलं आणि कॉफी गार झाली. फोन उचलत नाही म्हणून तुझी आई माझ्यावर डाफरते. तिला सांग, फोनवर मी मतदारांशी बोलते, माझ्या माणसांना पत्रं लिहिते.

खोक्यावर अवश्य झळक. आपल्या घराण्यात आजवर कुणाचं चित्र कुठे छापून आलं असेल तर ते माझं, निवडणुकीच्या फलकावर, आणि त्याला कुणीतरी मिशा काढल्या होत्या. पण सही करायच्या आधी शेवटच्या ओळीपर्यंत वाच. तुमच्या वयात जो गोड बोलतो तो देव वाटतो.

त्या कायद्यातलं चौदावं कलम माझ्या हातचं आहे, हे मी तुझ्याकडे मिरवणार नाही तर कुणाकडे? मोठ्या शहरातले गाड्यांचे शोरूमवाले फुटबॉलच्या पोरांना 'जाहिराती'चे पैसे चारत होते. जाहिरात शोधली तर भिंतीवर नाही, पेपरात नाही, कुठेच नाही. मिळायची ती पोरगा त्या संघात राहण्याची लाच. गुडघा मोडला की पैसे बंद, वर कोर्टाची नोटीस. असाच एक एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्या ऑफिसात येऊन ढसाढसा रडला. दुसऱ्याच दिवशी मी कलम लिहिलं: गेल्या पाच वर्षांत संघाला ज्याने कसलीही मदत केली, रोख वा वस्तुरूपात, तो देणगीदार, आणि देणगीदाराने खेळाडूला जाहिरातीचा एक डॉलर द्यायचा नाही. विषय संपला. त्यांचे वकील अजून डोकं खाजवतायत.

हर्बला माझा नमस्कार. घरच्या सामन्यानंतर गावच्या सभागृहात जेवण होतं, त्याला तो अजून परातभर खसखशीची कोलाची पाठवतो ना? दोन वर्षांत मला त्या जेवणाला यायला जमलं नाही. आठवण आली की जीव तुटतो बघ.

तुझी,
लोरेन मावशी


डुबेक, १९ नोव्हेंबर

मावशी,

हो, पाठवतो. परातभर पाठवतो. त्या परातीनंच माझा घात केलाय.

काल पेल्स्टर साहेबांनी बोलावलं. कॉलेजात नियम सांभाळणारे ते, जाड भिंगवाले. टेबलावर हर्बचं खोकं आणि शेजारी तुझा कायदा. चौदावं कलम मोठ्यानं वाचून म्हणाले, "झेलेनी बेकरी देणगीदार ठरते, टेसा." मी म्हटलं, "त्यानं आम्हाला पैसे कधी दिलेत?" म्हणाले, "वस्तुरूपात." मी विचारलं, "कोलाची ही वस्तू आहे का?" तर म्हणतात, "पोटात जाईपर्यंत आहे."

हंगाम संपेपर्यंत बंदी. म्हणजे विभागीय स्पर्धाही गेली. म्हणजे माझी कुस्तीच संपली, मावशी. पुढल्या वर्षी मी कॉलेजात नसणार.

त्यांचा राग तरी कसा करू? बोलताना ते स्वतःच भिंगं काढून डोळे पुसत होते. त्यांची बायको दर सामन्याला मोठ्या भांड्यात नूडलचं सूप आणते. तुझ्या हिशेबाने तीही गुन्हेगार! हर्बनं तर तोंडात मारल्यासारखा चेहरा केला. छापलेली हजारभर खोकी फेकवत नाहीत म्हणून तो ती उलटी दुमडून वापरतोय. माझा चेहरा आता आतल्या बाजूला आहे आणि त्यावर जर्दाळूचा गर लागतो.

कोठारावरचं काम मी सोडून बसले होते. सोमवारपासून पुन्हा चारला उठायचं.

एक फोन कर. तू लिहिलंस, तूच सांग त्यांना की असा अर्थ नव्हता. एवढंच मागते.

टेसा


लिंकन, २६ नोव्हेंबर

टेसा,

तुझं पत्र वाचल्यापासून घास गिळवत नाही. तरी फोन करणार नाही.

चिड, शिव्या दे, पण ऐक. सिनेटरनं कॉलेजला फोन करायचा आणि तिच्या भाचीची बंदी उठायची, याला आपल्या भाषेत काय म्हणतात? शोरूमवाले तेच करत होते, फक्त त्यांच्याकडे पैसा होता आणि माझ्याकडे खुर्ची आहे. उद्या ज्या पोरीची मावशी सिनेटर नाही, तिनं कुणाकडे बघायचं? आणि कलमात एक भोक पाडलं की त्यातून आधी गाड्याच बाहेर येतील, कोलाची नाही.

अपील कर, रीतसर. आणि अख्खं डुबेक काय अन्नदाता झालंय? ज्यानं तुमच्या संघाला कधी काही दिलं नाही असा एक तरी माणूस गावात असेलच. त्याच्याशी करार कर. कायदा तुला अडवत नाही, फक्त वाट बदलायला सांगतो.

तुझ्यावर माया आहे. म्हणूनच हे असं लिहिते आहे.

लोरेन मावशी


डुबेक, १५ डिसेंबर

आदरणीय सिनेटर बाई,

अपील फेटाळलं. कलम स्पष्ट आहे म्हणाले. तुमच्या सल्ल्याप्रमाणे मग मी गाव पालथं घातलं, त्याचा अहवाल सादर करते.

लोहाराच्या दुकानात गेले. त्यानं आमच्या जेवणाला डुकराचं मांस भाजून आणलेलं, बाद. केस कापणारी जोआन बटाट्याची कोशिंबीर आणते, बाद. दंतवैद्य दर वर्षी टूथब्रश वाटतो, बाद. ट्रॅक्टरवाल्यानं बसचं चाक फुटलं तेव्हा जॅक दिला होता. दिला म्हणजे वापरायला, मावशी, परत घेतला! तरी बाद. चर्चच्या बायकांना विचारायची सोयच नाही, त्या तर सराईत आहेत. आमच्या संघाकडे पैसा नाही म्हणून हे गाव पोरींना पोसतं. आमच्या लहानपणापासून ही रीत आहे, आणि तू त्यातच वाढलीस. तुझ्या कायद्यानं त्या सगळ्यांना एका ओळीत शोरूमवाले करून टाकलं.

एक माणूस मात्र सापडला. ऑर्विल स्टेख. हो, तोच. शौचालयाच्या टाक्या उपसणारा, चर्चच्या पेटीत बटण टाकणारा. आयुष्यात कुणाला पाण्याचा पेला दिलेला नाही. संघाला तर चहूबाजूंनी शून्य! पेल्स्टर साहेबांनी कागद उलटेपालटे केले आणि म्हणाले, "हा निष्कलंक आहे."

तेव्हा कळवण्यास आनंद होतो की तुझी भाची आता मैल्याच्या टँकरवर आहे. खांद्यावर एक पोरगी उचललेली मी आणि खाली ठळक अक्षरांत: 'तुंबलंय? आम्ही चीतपट करतो!' ऑर्विल पैसे देतो, पण दर वेळी पाकिटाला असं कुरवाळतो की मलाच दया येते. बंदी तशीच आहे. कोठारही तसंच आहे, कारण ऑर्विल देऊन देऊन किती देणार?

आई म्हणाली, मावशीला असं कडू लिहू नकोस. मी म्हटलं, गोड सगळं तिनं बंद करून टाकलंय.

टेसा वाव्रा


लिंकन, २० जानेवारी

टेसा,

टँकरचा फोटो तुझ्या आईनं पाठवला. बघून हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. कुणाला सांगू नकोस.

कामाचं बोलते. सिनेटर हॉलिसनं माझा अख्खा कायदा रद्द करायचं विधेयक आणलंय. त्याच्यामागे कोण उभं आहे ते त्याच्या नव्या कोऱ्या गाडीकडे बघून कळतं. माझ्या कानावर आलंय की त्याची माणसं तुला भेटली, 'अन्यायग्रस्त भाची' म्हणून तुला पुढे उभं करणार आहेत. पोरी, ते तुझा चेहरा फुकटात वापरतील आणि काम झालं की हर्बच्या खोक्यासारखा आत दुमडून टाकतील.

आपल्याकडे प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी होते आणि दारातून आत येईल त्याला बोलायचा हक्क आहे. तो हक्क मी तोडणार नाही. समितीची अध्यक्ष मी आहे, म्हणून तर अजिबात नाही. पण त्या दालनात मी तुझी मावशी नसेन, हे लक्षात ठेवून ये. किंवा नको येऊस.

माझं मत विचारशील, तर नकोच येऊस.

लोरेन


डुबेक, २४ जानेवारी

मावशी,

येतेय. ऑर्विल सोडतोय, त्याच्याच गाडीतून. वारा तुमच्या बाजूला असला तर आधीच माफी मागते.

टे.


लिंकन, ४ फेब्रुवारी

माझे गुणाचे पोरी,

तू काय बोललीस ते तुला ठाऊक आहे. खुर्चीत बसून मला काय दिसलं आणि तू गेल्यावर काय झालं, ते सांगते.

आधी विधेयकाच्या बाजूचे लोक बोलतात, मग विरोधातले, सगळ्यात शेवटी तटस्थ. मी बाजूच्यांना पुकारलं आणि हॉलिसनं मान वळवून तुझ्याकडे बघितलं. तू हलली नाहीस. त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, चला, पोरगी माझ्या बाजूनं बोलणार. मी विरोधातल्यांना पुकारलं, तरी तू हलली नाहीस. आता माझा चेहरा पडला. दुपार टळून गेली, निम्मं दालन रिकामं झालं, तेव्हा मी "तटस्थ कुणी?" म्हणाले आणि तू उठलीस, आणि तुझ्यामागे ऑर्विल.

"तुमचं नाव सांगा, नोंदीसाठी अक्षरं सांगा." तुझ्या बारशाला तुला मांडीवर घेऊन बसलेली बाई मी, आणि तुला 'तुम्ही' म्हणत होते! तूही माझ्याकडे असं बघितलंस की जणू पहिल्यांदाच भेटतोय. "टेसा वाव्रा," म्हणालीस. "कुस्तीगीर. बंदी घातलेली." हिरवा दिवा लागला. बोलायला तीन मिनिटं.

तू म्हणालीस, "मी या कायद्याच्या विरोधात नाही. माझ्या गावात शोरूम नाही, पण शोरूमवाल्यानं फसवलेली पोरं मी पाहिली आहेत. कायदा राहू द्या. पण आज तो काय सांगतो ते ऐका: ज्यांनी मला लहानाची मोठी होताना जेवू घातलं, त्या कुणालाही माझा फोटो दुकानात लावायची मुभा नाही. ज्यानं जन्मात घासभर दिला नाही त्या एकट्याला आहे. तो माणूस हा." आणि ऑर्विलनं टोपी काढली. अख्खं दालन हसलं, हॉलिससुद्धा.

मी हसले नाही. आणि मी तुला कडक विचारलं, कारण विचारायलाच हवं होतं: "जेवणाला सूट दिली, तर उद्या शोरूमवाला म्हणेल, मीही संघाला मेजवानीच दिली. त्याला कसं अडवणार?"

पिवळा दिवा लागला होता. तू घाबरशील असं वाटलं. पण तू मॅटवर उभी राहतेस तशी गुडघ्यात किंचित वाकलीस. "सोपं आहे, अध्यक्ष महोदया. त्याला म्हणावं, जाहिरात दाखव. हर्बची जाहिरात प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात होती. ऑर्विलची बाहेर उभी आहे, खिडकी उघडा, वाससुद्धा येईल. जाहिरात खरी असेल, लोकांना दिसत असेल आणि गावात चालतो तोच भाव दिला असेल, तर तो धंदा. जाहिरातच नसेल, तर ती लाच. ताटात काय वाढलं ते कशाला मोजता? भिंतीवर काय लावलं ते मोजा."

लाल दिवा लागला. तुझं बोलून झालं होतं.

टेसा, त्या कलमावर मी आठ महिने डोकं फोडलं. दोन वकील बसवले. 'भिंतीवर काय लावलं ते मोजा' हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

मग ऑर्विल खुर्चीत बसला. "मी बोलणार नव्हतो," म्हणाला, "बोलायला पैसे पडत नाहीत म्हणून बोलतो. या पोरीला मी पैसे देतो आणि गावात माझी अब्रू वाढली. लोक मला हात करतात. परवा सामन्यानंतरच्या जेवणाला बोलावणं आलं. पण जाताना काहीतरी न्यायला लागतं, आणि नेलं की मी देणगीदार, म्हणजे पोरीचे पैसे बंद. साठ वर्षांनी पहिल्यांदा कुणाला काही द्यावंसं वाटतंय, बाई, आणि तुमचा कायदा आडवा येतो." आता मात्र मला हसू आवरेना. अध्यक्षाचा हातोडा तोंडावर धरून हसले.

तुम्ही गेल्यावर दार लावून समिती बसली. मी म्हणाले, "चौदावं कलम मी लिहिलं, ते कच्चं आहे आणि ते मीच दुरुस्त करणार." हॉलिसच्या विधेयकाचं फक्त कातडं ठेवलं, आतलं सगळं काढून तुझी ओळ भरली: जेवण देणगी धरू नये; खरी, दिसणारी आणि रास्त भावाची जाहिरात कुणीही करावी; जाहिरातीवाचून पैसा दिला तर आहेच आधीचा दंड. आणि या कलमाखाली घातलेल्या बंद्या उठतील. समितीत सगळ्यांनी हात वर केले. हॉलिसनंही केला, नाही करून जातो कुठे?

अजून अख्ख्या सभागृहाचं मत आणि राज्यपालांची सही बाकी आहे, आणि तुझी स्पर्धा मार्चच्या पहिल्या शनिवारी. लगेच लागू व्हायचं तर दोन तृतीयांश मतं लागतात. मी आता एकेकाच्या दारात जाऊन बसणार आहे. भाचीसाठी नाही. तू एकटी नाहीस. राज्यभरातून तशाच बावीस पोरापोरींची पत्रं आली आहेत. पण खरं सांगते, दार ठोठावताना डोळ्यांसमोर तूच असशील.

तुला नको येऊस म्हणाले होते. आलीस ते फार बरं केलंस.

तुझी,
लोरेन मावशी


डुबेक, मार्चचा पहिला रविवार

मावशी! मावशी! मावशी!

हाताला पट्टी आहे म्हणून अक्षर असं कोंबडीचे पाय, पण आज लिहिलं नाही तर मी फुटेन.

गुरुवारी सही झाल्याचं कळलं तेव्हा आम्ही सराव करत होतो. पेल्स्टर साहेब व्यायामशाळेत धावत आले. त्यांना धावताना या कॉलेजात आजवर कुणी बघितलं नव्हतं. भिंग नाकावरून घसरलेलं, हातात कागद, आणि ओरडतायत, "उतर! उतर मॅटवर!" मी मॅटवरच उभी होते. कोच डार्लानी मला असं आवळलं की बरगडी मोडायची. संध्याकाळपर्यंत हर्बनं खोकी सुलटी केली आणि दारात फळीवर रचून ठेवली, येणारा-जाणारा बघेल अशी.

आता शनिवार. तू तिथे होतीस, तरी मला सांगू दे, कारण तू वरून बघितलंस आणि मी खालून.

मी चार महिने सामना खेळले नव्हते. पहिल्या दोन कुस्त्या अंगावर आल्या, पण काढल्या. अंतिम फेरीत तीच, गेल्या वर्षीचीच कॅन्ससवाली. हात मिळवताना म्हणते, "टँकरवाली ना तू?" मी म्हटलं, "हो, आणि आता तुझी टाकी भरलीय."

शेवटचं मिनिट लागलं तेव्हा ती दोन गुणांनी पुढे होती. दोन वर्षं इथेच माझे पाय लाकडं झालेत. मी वाट बघत होते, आता होतील, आता होतील. झालेच नाहीत! बंदी उठणार म्हटल्यावर हर्बनं फेब्रुवारीतच मला दटावून कोठारावरचं काम सोडायला लावलं होतं, "पैसे कायदा झाल्यावर घे, झोप आत्ता घे," म्हणून. महिनाभर मी माणसासारखी झोपले होते. दम होता, मावशी. छातीत भरून दम होता. मी तिच्या कमरेत हात घातला, उचलली, आणि ती हवेत असतानाच मला कळलं की ही गेली. दोन्ही खांदे मॅटला. पंचानं थाप मारली. चीतपट!

त्यानंतर मला आठवतं ते एवढंच की पंच माझा हात वर करायचं सोडून भलतीकडे बघून शिट्टी फुंकतोय. मी वळून बघितलं. राज्याच्या सिनेटर, समितीच्या अध्यक्षा, उभ्या आयुष्यात रांग न मोडलेली बाई, दोरीखालून वाकून, बूट हातात घेऊन, थेट मॅटवर! पंच म्हणतोय, "बाई, मागे व्हा, नियम आहे." आणि तू त्या बिचाऱ्यावर काय ओरडलीस, आठवतंय का तुला? नसेल. मला शब्द न् शब्द आठवतो. अख्ख्या गॅलरीनं ऐकलं.

"नियम गेला खड्ड्यात, ती माझी भाची आहे!"

तुझी,
टेसा